वाचकांचे प्रश्न : आजीचे लुगडे, सोसायटीची गोधडी

गेल्या अंकात घरातील जुन्या वस्त्रांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच अधिक आली आणि त्यांतील बहुतेक नागपूर शहरातील होती. कापड कसे जपावे, एवढेच विचारणारी पत्रे थोडी होती. जपलेल्या कापडाचे पुढे काय करावे, ते कोणाचे मानावे आणि त्यातून घरातली किंवा वस्तीतली माणसे एकत्र कशी आणावीत, असे विचारणारी अधिक होती. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नावे न छापण्याची विनंती अनेकांनी केल्यामुळे सर्वांच्याच बाबतीत केवळ वस्तीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्याकडे माझ्या आजेसासूबाईंची तीन लुगडी आहेत. दोन सुती असून एक टसर रेशमाचे करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेले, आहे. टसरचे लुगडे घडीच्या रेषांवर विरू लागले आहे. माझी मुलगी वस्त्रकला शिकते. तिन्ही लुगडी कापून त्यांचे एक मोठे भित्तिवस्त्र करावे, म्हणजे ती पेटीत कुजण्याऐवजी सर्व नातलगांना रोज दिसतील, असे तिचे म्हणणे आहे. सासूबाईंना मात्र कात्री लावणे मुळीच मान्य नाही. आम्ही काय करावे? (मानेवाडा)

उत्तर : आपल्या सासूबाईंचे टसरच्या लुगड्यापुरते बरोबर आहे आणि मुलीचे सुती लुगड्यांपुरते. तसे मी का म्हणते, ते सविस्तर सांगते.

घरात लुगडी वाटून घ्यायची वेळ आली की सर्वांची नजर रेशमाकडे जाते आणि सुती लुगडी पोतेऱ्याच्या वाटेला लागतात. परंतु आपल्या आजेसासूबाईंचे आयुष्य गेले ते सुती लुगड्यांत. टसरचे लुगडे लग्नकार्याला आणि सणावाराला, म्हणजे वर्षातून दोन-चार वेळाच पेटीबाहेर येत असणार. सुती लुगड्याचा काष्ट्याकडचा भाग घासून विरळ झालेला असेल, पदराच्या टोकाला हात पुसल्याच्या खुणा असतील, कुठे त्यांनी स्वतः घातलेले रफूचे टाके असतील. ते उजेडासमोर धरून पाहावे. ज्या ठिकाणी उजेड जास्त झिरपतो, ती त्या बाईंच्या बसण्या-उठण्याची जागा आहे. मुलीला भित्तिवस्त्र करायचेच असेल, तर तिने ही दोन घ्यावीत आणि झिजलेला व रफू केलेला भाग टाकून न देता तोच मध्यभागी ठेवावा. चांगला भाग निवडून वाईट भाग फेकण्याची सवय शिवणकामात योग्य असली, तरी येथे ती उलट करावी लागते.

करवतकाठी लुगडे मात्र अखंड राहू द्यावे. त्याचा काठ, अंग आणि पदर यांचे परस्परांशी असलेले प्रमाण संपूर्ण लांबीतच कळते. त्यातून हातभर तुकडा काढला की उरते ते केवळ सुंदर कापड. आज ते विरत आहे, कारण वर्षानुवर्षे ते त्याच घड्यांवर घडी घालून ठेवले गेले. घडीच्या रेषेवर रेशमाचा धागा सतत वाकलेला राहतो आणि अखेर तुटतो. त्यामुळे यापुढे घडी घालू नये. लुगड्याच्या रुंदीहून थोडी लांब अशी पुठ्ठ्याची जाड नळी घ्यावी. अशा नळ्या कापडाच्या दुकानात सहज मिळतात. तिच्यावर धुतलेल्या मलमलीचे दोन वेढे द्यावेत आणि त्यावर लुगडे सैलसर गुंडाळावे. वरून पुन्हा मलमल लावून सुती नाडीने बांधावे. विरलेल्या जागेच्या मागे त्याच रंगाच्या मऊ कापडाची पट्टी ठेवून बारीक सुईने ती सैल टाक्यांनी धरून ठेवावी. डिंक, फेव्हिकॉल किंवा इस्त्रीने चिकटणारी पट्टी वापरू नये, कारण चिकटवलेले पुढे कोणालाही सोडवता येत नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीत वस्त्र ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि लगेच दोन महिन्यांत हवा दमट होते, तेव्हा पिशवीत अडकलेली ओल कापडातच मुरते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवून ठेवण्यापेक्षा कडुलिंबाची सुकवलेली पाने पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावीत. पाऊस संपल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, वस्त्र बाहेर काढून सावलीत वारा द्यावा आणि कसर लागली आहे का, हे पाहावे. भित्तिवस्त्र तयार झाल्यावर ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये. संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवरचा उजेड साधारण पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत ठेवतात, म्हणजे डोळ्यांना ती खोली जवळजवळ अंधारी वाटते. कापडाचा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. कात्री हातात घेण्यापूर्वी सासूबाईंना शेजारी बसवून तिन्ही लुगड्यांविषयी जे आठवते ते लिहून घ्यावे. लुगडे कोणी घेतले, कोणत्या प्रसंगी घेतले, इतवारीतल्या दुकानातून घेतले की विणणाऱ्याच्या घरून, आणि त्या नेसत कशा, हे सर्व. हा मजकूर मलमलीच्या पट्टीवर धुऊन न जाणाऱ्या शाईने लिहून ती पट्टी भित्तिवस्त्राच्या मागे शिवावी.

मी हे आग्रहाने सांगते, त्यामागे माझीच एक फजिती आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या मांडणीत मी मदत करत होते. एक जुने नागपुरी लुगडे आम्ही मोठ्या कौतुकाने भिंतीवर टांगले आणि खाली पाटी लावली : नागपुरी, हातमाग, सुती. विणणाऱ्याचे नाव नाही आणि नेसणारीचेही नाही. दुसऱ्या दिवशी गोळीबार चौकाकडच्या एक वृद्ध कोष्टीणबाई नातवाबरोबर आल्या, लुगड्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे तं उलटं टांगलं ना तुम्ही. पदर खाली गेला." आम्ही निऱ्यांकडची बाजू वर लावून ठेवली होती. दिवसभरात आलेल्या शंभरएक सुशिक्षित माणसांपैकी एकालाही ते कळले नव्हते, आम्हालाही नाही. लुगडे आम्ही सरळ केले. पाटी मात्र तशीच राहिली, कारण त्यांचे नाव विचारण्याचे भान आमच्यापैकी कोणालाच आले नाही. ती चूक मला उलट्या लुगड्यापेक्षा जास्त बोचते.

प्रश्न : टसर हे अहिंसक रेशीम असते, असे एका विक्रेत्याने सांगितले. ते खरे आहे का? (धंतोली)

उत्तर : सरसकट खरे नाही. टसरचा किडा तुतीवर घरात वाढवत नाहीत. तो ऐन आणि अर्जुन या झाडांवर उघड्यावर वाढतो. भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत हे काम प्रामुख्याने ढिवर समाजातील कुटुंबे करतात, आणि पक्षी, मुंग्या, माकडे यांच्यापासून किडे राखण्यासाठी त्यांना झाडांखाली अक्षरशः पहारा द्यावा लागतो. परंतु अखंड धागा काढायचा असेल, तर कोष उकळावेच लागतात आणि आतला जीव मरतो. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांतून पतंग बाहेर पडतात. त्या भोक पडलेल्या कोषांपासून निघणारा जाडाभरडा, गाठीगाठीचा धागा हा त्याला अपवाद म्हणता येईल. विक्रेत्याला आपले कापड नेमके कोणत्या धाग्याचे आहे, हे विचारावे. गुळगुळीत, तलम टसर दाखवून तो अहिंसेची ग्वाही देत असेल, तर किंमत ठरवताना त्या ग्वाहीचे पैसे देऊ नयेत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेला पुढील वर्षी पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. अठ्ठेचाळीस घरे आहेत. प्रत्येक घरातून कापडाचा एक तुकडा घेऊन सर्वांची मिळून एक गोधडी शिवावी आणि ती सभागृहात लावावी, असे महिला मंडळाने ठरवले आहे. मापे कशी घ्यावीत, कोणते कापड मागावे आणि किती वेळ लागेल, याचा अंदाज द्यावा. काही जणांनी "जुने कापड कसे द्यायचे, लोक काय म्हणतील?" अशी शंका काढली असून नवे कापड विकत आणावे, असे सुचवले आहे. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपली घरांची संख्या गोधडीला फार सोयीची आहे. रुंदीत सहा आणि लांबीत आठ असे चौकोन मांडले की अठ्ठेचाळीस होतात. शिवून झालेला प्रत्येक चौकोन एक फुटाचा धरला, तर गोधडी सहा फूट बाय आठ फूट होईल. शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच सोडावा लागतो, म्हणून तुकडा तेरा इंच बाय तेरा इंच कापावा. ज्या घरातून एवढा मोठा तुकडा मिळणार नाही, त्या घराने दोन-तीन लहान तुकडे जोडून चौकोन पूर्ण केला तरी चालेल. किंबहुना तसे चार-पाच चौकोन असावेतच, त्यामुळे गोधडी गोधडीसारखी दिसते.

कापड सुतीच मागावे. पॉलिस्टरमधून सुई नीट जात नाही, टाका बसत नाही आणि शेजारच्या सुती तुकड्याशी त्याचे धुण्यात जमत नाही. कापड कोणते आहे, याची शंका आल्यास कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा : सुताला जळलेल्या कागदाचा वास येऊन मऊ राख उरते, रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सर्व तुकडे कापण्यापूर्वी वेगवेगळे धुऊन घ्यावेत आणि ओले असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावेत. एका लाल ब्लाउजपीसने बाकीची सत्तेचाळीस घरे गुलाबी केल्याची उदाहरणे आहेत.

नवे कापड आणण्याच्या सूचनेविषयी मी स्पष्टच लिहिते : तसे करायचे असेल, तर हा उपक्रम करू नये. एकाच ठाणातून कापलेले अठ्ठेचाळीस चौकोन म्हणजे चादर. गोधडीला, किंवा आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणायचे तर 'वाकयीला', अर्थ येतो तो अंगावरून उतरलेल्या कापडामुळे. आपल्याकडे नव्या जीवाला पहिल्यांदा गुंडाळतात ते आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यातच, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण जुने सुती कापड नव्यापेक्षा मऊ असते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. लोक संकोचतात, कारण आपल्या तुकड्याकडे पाहून आपली ऐपत जोखली जाईल, असे त्यांना वाटते. त्यावर उपाय असा, की तुकडा मागताना "तुमच्या घरात हे कोणी वापरले?" एवढेच विचारावे. शाळेचा गणवेश, वडिलांचे धोतर, उशीचा अभ्रा, जे येईल ते स्वीकारावे आणि कोणत्याही तुकड्याला डावे-उजवे करू नये. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, नाहीतर अध्यक्षांच्या घराचा चौकोन आपोआप मधोमध येतो.

आणखी एक विचारावेसे वाटते. अठ्ठेचाळीस घरे म्हणताना आपण सदनिकांचे मालक मोजले आहेत. पंचवीस वर्षे फाटकावर बसणारे चौकीदार, जिन्याची झाडलोट करणाऱ्या बाई, भाड्याने राहून गेलेली कुटुंबे यांचे काय? चौकोन वाढवायचे नसतील, तर गोधडीच्या चारही बाजूंना सहा इंचांचा काठ लावावा आणि तो काठ त्यांच्या कापडांचा करावा. गोधडीची कड सर्वांत जास्त ओढली जाते आणि काठच तिला धरून ठेवतो, त्यामुळे ही जागा दुय्यम आहे असे कोणी समजू नये.

आता प्रत्यक्ष शिवणकाम. सहा-सहा चौकोनांच्या आठ पट्ट्या आधी मशीनवर जोडाव्यात आणि मग पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात. खाली अस्तराला एक आणि मध्ये थर म्हणून दोन जुनी मऊ पातळे पुरतात. आपल्या उन्हाळ्याकडे पाहता कापूस भरू नये. तिन्ही थर सतरंजीवर ताणून मध्यभागापासून कडेकडे कच्चे टाके घालत जावे. कडेपासून मध्याकडे आल्यास मध्ये फुगा राहतो. नंतर हाताने धावदोरा घालावा. एक-एक इंचावर ओळी घेतल्या, तर सहा फुटांच्या रुंदीत सुमारे एकाहत्तर ओळी येतात आणि प्रत्येक ओळ आठ फुटांची. म्हणजे साडेपाचशे फुटांहून अधिक टाका. सरावलेल्या हाताला एका ओळीला अर्धा तास धरला, तर एकूण पस्तीस-छत्तीस तासांचे काम आहे. सहा जणी रविवारी दोन तास बसल्या, तर तीन रविवारांत होईल. प्रत्यक्षात पाच लागतील, कारण चहा होईल आणि बोलणे होईल. ते पाच रविवार वाचवण्यासाठी काम बाहेर देऊ नये. प्रत्येकीचा टाका वेगळा पडेल, तो उसवून सारखा करण्याचा मोहही टाळावा. वर्षभराने गोधडीसमोर उभे राहून "ही तिरकी ओळ माझी" असे कोणीतरी सांगेल, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

मंडळाला इतरत्र झालेली कामे पाहायची असतील, तर दोन सुचवते. कर्नाटकातील उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' ही गोधडी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि आज त्यांच्यांतील अनेकजणी आपल्या मराठी-कोकणीला जवळची भाषा बोलतात. त्या कडेपासून सुरुवात करून गोलाकार आत आत येत तुकडे लावतात आणि चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची 'फुलं' बसवतात. फुलाशिवाय कवंदी त्या पूर्ण मानत नाहीत. अस्तर न सरकू देता कडेपासून आत येणे हे अनेक वर्षांच्या हाताचे काम आहे, म्हणून नवख्यांना मी वर वेगळी पद्धत सांगितली. दुसरे उदाहरण अमेरिकेतील. एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ त्यांच्या मित्र-नातलगांनी तीन फूट बाय सहा फुटांचे, म्हणजे साधारण कबरीच्या मापाचे, कापडी फलक शिवले आणि ऑक्टोबर 1987 मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर असे 1,920 फलक एकत्र अंथरले. ज्या आजाराचे नाव घ्यायला घरचे लोक कचरत होते, त्या आजाराने गेलेल्यांची नावे तेथे कापडावर लिहिलेली होती. आपला प्रसंग आनंदाचा आहे, तरी नाव लिहिण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात घराचा क्रमांक न घालता माणसाचे नाव भरतकामाने घालावे.

प्रश्न : माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. घरी मिलच्या छापाचे काही कापड आणि त्यांचे ओळखपत्र आहे. वस्त्रपरंपरेच्या कार्यक्रमांत नेहमी हातमागाचेच कौतुक होते. मिलच्या कापडाला वारसा म्हणता येईल का? (गणेशपेठ)

उत्तर : निश्चितच म्हणता येईल. जमशेटजी टाटा यांनी 1874 मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि 1 जानेवारी 1877 रोजी तिची गिरणी नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे हिशेब होता : कापूस दाराशी पिकत होता, 1867 पासून रेल्वे येथवर पोहोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. रिंग स्पिंडलचे, म्हणजे सूत कातण्याच्या त्या काळच्या नव्या चात्यांचे, प्रयोग आपल्या देशात जिथे लवकर झाले, त्यांत या गिरणीचे नाव अग्रभागी आहे.

हातमाग आणि मिल यांना एकमेकांसमोर उभे करण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही तपासून घ्यावी. मिलच्या स्वस्त कापडाने विणकराचे गिऱ्हाईक पळवले, हे खरे. मात्र त्याच विणकराच्या मागावर चढणारे सूतही पुढे मिलचेच असे, आणि माग बंद पडलेल्या घरांतली मुले भोंगा वाजला की मिलच्या पाळीला जात. एकाच गल्लीत दोन्ही इतिहास नांदले. आता त्या जागेवर मॉल उभा आहे आणि गिरणीत काम केलेली माणसे वयस्कर होत चालली आहेत. म्हणून कापडापेक्षा आधी वडिलांच्या सोबत्यांकडे जावे. कोणत्या खात्यात काय चाले, पाळ्या कशा बदलत, कापडाच्या दोषांना कामगार कोणत्या नावांनी ओळखत, हे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. छापाचे टोक कापू नये आणि धुऊ नये. सवड काढून वर्ध्याला मगन संग्रहालय अवश्य पाहावे. ते 1938 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते सुरू झाले असून तेथे चरख्यांचे अनेक प्रकार आहेत. एम्प्रेस मिलच्या कापडाचा तुकडा खिशात ठेवून ते चरखे पाहिले, तर विदर्भातल्या कापसाची सगळी भांडणे एका दुपारी समजतात.

प्रश्न : माझी पणजी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर गेली होती. त्या दिवशी नेसलेले पांढरे पातळ तिने आयुष्यभर जपले. आता ते पिवळे पडले असून त्यावर डाग आहेत. यंदा अशोक विजयादशमीला घरात ते सर्वांसमोर ठेवायचे आहे. ब्लीच वापरून पांढरे करावे का? (इंदोरा)

उत्तर : ब्लीच वापरू नये, निळही देऊ नये. ब्लीचने जुने सूत दुबळे होते. पहिल्या धुण्यात ते शुभ्र दिसेल आणि पुढे हात लावला की फाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसे पांढरी वस्त्रे घालून जमली होती, आणि त्यांतील कित्येकांकडे पांढरे असे दुसरे लुगडे नव्हतेच. त्या गर्दीतले एक वस्त्र आपल्या घरात आहे. त्यावरचे डाग त्या दिवशीच्या धुळीचे आहेत की नंतरच्या पेटीच्या गंजाचे, हे आधी पाहावे. पायाकडच्या काठावरचा मातकट पट्टा मी तरी मुळीच काढणार नाही.

घडीच्या आत खळ राहिली असेल, तर तिच्यावर कसर येते, म्हणून एकदा साध्या पाण्याने खळ काढून टाकणे आवश्यक आहे. परंतु त्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून काठाचा रंग पसरतो का, हे फडक्याने टिपून पाहावे. रंग सुटत असेल, तर धुणे रद्द करावे. सुटत नसेल, तर मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे घेऊन पातळ त्यांच्यामध्ये पसरावे आणि मोठ्या पसरट टबात जाळीसकट बुडवावे. बोअरचे जड पाणी वापरू नये, गाळलेले पिण्याचे पाणी घ्यावे. चोळू नये, पिळू नये, उचलताना जाळीच उचलावी, कारण ओले सूत स्वतःच्याच वजनाने फाटू शकते. पाणी पिवळट झाले की बदलावे, ते स्वच्छ येईपर्यंत. नंतर सावलीत पांढऱ्या चादरीवर आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टाकू नये. पिवळेपणा थोडा उरेल, तो राहू द्यावा.

त्या दिवशी पातळ काचेच्या चौकटीत ठेवण्यापेक्षा स्वच्छ चादरीवर पसरावे आणि घरातल्या मुलांना हात धुऊन त्याला स्पर्श करू द्यावा. पणजी आता नसतील, तर त्यांच्याकडून ऐकलेले जे कोणाला आठवते ते एकेकाने सांगावे आणि एकाने लिहावे. कोण कोणाबरोबर चालत गेले, कुठे मुक्काम केला, पातळ कोठून आणले. दोन जणांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहाव्यात, निवाडा करू नये.

प्रश्न : सोबत पाकिटात घरच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा पाठवत आहे. हा अस्सल करवतकाठी आहे का, हे तपासून सांगावे. बाजारात हल्ली पाचशे रुपयांतही करवतकाठी मिळते. (जुनी शुक्रवारी)

उत्तर : तुकडा मिळाला. काठावरचे करवतीचे दात दोन्ही बाजूंनी सारखेच स्पष्ट आहेत, म्हणजे ते छापलेले नसून विणलेले आहेत. छापील काठ उलट बाजूला फिका पडतो. भिंगाखाली पाहिल्यावर काठाचे लाल सूत आणि अंगाचा टसरचा धागा हे जिथे भेटतात तिथे आडवा धागा एकमेकांत अडकून मागे वळलेला दिसतो. दोन बाजूंचे दोन काठ आणि मधले अंग यांसाठी तीन स्वतंत्र धोटे (आडवा धागा नेणारी मागाची साधने) चालवले, तरच हा सांधा असा पडतो, आणि प्रत्येक ओळीला दोन ठिकाणी ही अडकण करावी लागत असल्याने मागावरचे काम मंद चालते. टसरही हातचे, किंचित कमीजास्त जाडीचे आहे. तेव्हा उत्तर होय असेच आहे. पाचशे रुपयांत मिळते ते बहुधा छापील दातांचे पॉलिस्टर असते. त्याला नेसण्यापुरते काही वावगे नाही, पण करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने त्या नावाने ते विकणे योग्य नाही.

एक गोष्ट मात्र सांगणे भाग आहे. आपण तुकडा कापला आहे तो नेमका काठ आणि अंग यांच्या सांध्यावरून, पदराला लागून, म्हणजे लुगड्याचा सर्वांत कठीण भाग कात्रीने सोडवून. तो आम्ही आपल्या पत्त्यावर परत पाठवला आहे. मलमलीच्या तुकड्यावर सैल टाक्यांनी धरून तो मूळ जागी बसवून घ्यावा. इतर वाचकांनीही यापुढे कापड पाठवू नये. सुलट आणि उलट बाजूची, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे आम्हाला पुरेशी आहेत.